लेक्चरला समजतं, लॅबमध्ये मात्र कोरी स्क्रीन: एमसीएच्या पहिल्या सेमिस्टरचं डेटा स्ट्रक्चर्स

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, कारण उत्तरात सारखा त्याचा संदर्भ येणारे. विचारणारा बीकॉम करून एमसीएला आलाय, ब्रिज कोर्समध्ये सी "उरकलं", आता पहिल्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी रचून ठेवायची तो विषय. सर बोर्डवर लिहितात तेव्हा सगळं कळतं, लॅबमध्ये स्वतः लिहायला बसलं की चार ओळींनंतर हात थांबतो, आणि लिंक्ड लिस्टपासून पुढचं तर डोक्यावरूनच जातंय. सेमिस्टर संपायला सहा आठवडे आहेत. प्रश्न तीन: प्रोग्राम सरळ पाठ करू का, सी सोडून पायथॉनमध्ये करू का, आणि बेसच नाही तर हे फील्डच सोडू का.

तिसऱ्याचं उत्तर नाही, आणि ते का नाही ते पुढे येईलच, बीकॉमचा इथे उलट फायदा आहे. माझ्याबद्दल एवढंच की आठ वर्षं कंपनीत सी आणि जावामध्ये काम केलं, त्यानंतर सात वर्षं एमसीएच्या पोरांना हाच विषय शिकवतेय आणि प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून चार कॉलेजं फिरते. माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा दिसतोस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की "डेटा स्ट्रक्चर्स जमत नाही". मला वाटत नाही तुझा प्रॉब्लेम तो आहे. सरांचा कोड बघताना तू त्यांच्या मागून चालतोस, प्रत्येक पाऊल पटतं, म्हणून वाटतं की आपल्याला वाट कळली. लॅबमध्ये पुढे कोणी नसतं. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून दहा वेळा स्वारगेटहून हडपसरला गेलेल्या माणसाला एकदा स्वतः चालवायला दिली की कुठल्या चौकात वळायचं ते आठवत नाही, तसंच हे. यात अक्कल कमी असण्याचा संबंध नाही. दोन गोष्टी कोणी करून घेतलेल्या नसतात, एक म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीत काय हलतंय ते कागदावर काढणं आणि दुसरी म्हणजे त्या स्ट्रक्चरमध्ये कायम काय खरं राहिलं पाहिजे ते एका वाक्यात सांगता येणं.

आणि ते करून घ्यायला वेळच उरलेला नाही हेही खरं आहे. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२०-२१ पासून एमसीए तीन वर्षांचं होतं ते दोन वर्षांचं केलं. आधी बऱ्याच ठिकाणी एक अख्खं सेमिस्टर सी, मग डेटा स्ट्रक्चर्स, असं निवांत चालायचं. आता दुसऱ्या शाखेतून आलेल्यांना ब्रिज कोर्सवर सी गुंडाळून देतात आणि बीसीएवाल्यांच्या शेजारी बसवतात ज्यांनी हेच सगळं एकदा केलेलं असतं. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला ढ समजू नकोस, ते रिव्हिजन करतायत, तू पहिल्यांदा शिकतोयस.

आता बीकॉमचा फायदा सांगते. तू तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, केलीयेस ना? दिवसभरात कितीही एंट्र्या मारल्या तरी शेवटी डेबिटची बेरीज आणि क्रेडिटची बेरीज जुळलीच पाहिजे. एंट्री अर्धी मारलेली असताना नाही जुळणार, पण ती पूर्ण झाली की जुळली पाहिजे, नाहीतर कुठेतरी घोळ आहे. डेटा स्ट्रक्चर म्हणजे नेमकं हेच. प्रत्येक स्ट्रक्चरची एक तेरीज असते, इन्सर्ट असो डिलीट असो, ऑपरेशन सुरू होताना ती जुळत असते, मधल्या दोनतीन ओळी बिघडते आणि ऑपरेशन संपताना परत जुळलेली पाहिजे. पुस्तकात याला इन्व्हेरिअंट म्हणतात. इंजिनीअरिंगच्या पोरांना मला हे समजवायला अर्धा तास लागतो, तुला एका ओळीत कळायला हवं.

लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची साखळी, प्रत्येक नोडमध्ये एक आकडा आणि पुढच्या नोडचा पत्ता (नेक्स्ट), पहिल्याचा पत्ता हेडमध्ये, आणि शेवटच्याच्या नेक्स्टमध्ये नल, म्हणजे पुढे कोणी नाही. तिची तेरीज काय? "हेडपासून नेक्स्ट धरत गेलं तर प्रत्येक नोड बरोब्बर एकदा भेटतो आणि शेवटी नल येतो." बस. आता सुरुवातीला नोड घालायचाय. दोन ओळी आहेत:

नवा->नेक्स्ट = हेड;
हेड = नवा;

लॅबमध्ये दर बॅचला तीनचार जण या दोन ओळी उलट्या लिहितात. काय होतं बघ. आधी हेड नव्या नोडवर नेला, म्हणजे जुन्या लिस्टचा पत्ता ज्या एकाच ठिकाणी होता तिथून तो पुसला गेला. मग नव्याच्या नेक्स्टमध्ये हेड टाकला, पण हेड तर आता नवा स्वतःच आहे, म्हणजे नोड स्वतःकडेच बोट दाखवतोय. प्रिंट केलं की स्क्रीनभर एकच आकडा धावत राहतो, ५ ५ ५ ५ ५, आणि पोरगं घाबरून कंट्रोल सी दाबतं. मी अशा वेळी कोड बघतच नाही, म्हणते कागद घे, चौकोन काढ, आणि एकेका ओळीला एकेक बाण खोड आणि नवा काढ. दुसऱ्या ओळीला बाण स्वतःवरच फिरतो तेव्हा पोरं स्वतःच हसतात. एकदा ते चित्र हाताने काढलं की ओळींचा क्रम पाठ करायची गरजच पडत नाही, कारण नियम दिसतो: जुना पत्ता पुसायच्या आधी तो दुसरीकडे लिहून ठेव. डिलीटला हेच, रिव्हर्सला हेच, मधे घालायलाही हेच. रिव्हर्समध्ये तीन पॉइंटर, म्हणजे पत्ता ठेवायच्या तीन जागा, का लागतात असं सगळे विचारतात, कारण एक मागचा, एक आत्ताचा, आणि आत्ताच्याचा बाण उलटा फिरवला की पुढची लिस्ट हरवते म्हणून तिचा पत्ता धरून ठेवायला तिसरा.

पुण्यात पेठेत पत्ता विचारला तर काय होतं, पहिला दुकानदार म्हणतो त्या मारुतीपाशी विचारा, मारुतीपाशचा म्हणतो पुढे बोळात विचारा. प्रत्येकाला फक्त पुढचा माहीत. ही लिंक्ड लिस्ट. मधला एक दुकानदार दुकान बंद करून गेला आणि कोणाला सांगून नाही गेला की पुढचा अख्खा रस्ता तुटला. ॲरे म्हणजे चाळ, खोल्या ओळीने, सगळ्या सारख्या मापाच्या, जिन्यापासून किती दारं सोडायची ते माहीत असलं की थेट जाता येतं, कोणाला विचारायला नको. इंडेक्स शून्यापासून का सुरू होतो याचंही उत्तर त्यातच आहे, तो खोलीचा नंबर नाहीये, किती दारं सोडायची तो आकडा आहे, आणि पहिल्या खोलीसाठी शून्य दारं सोडायची. पण चाळीत मधे एक नवी खोली घुसवायची म्हटलं तर पुढच्या सगळ्यांना सामान उचलून एकेक खोली सरकावं लागतं.

आता जिथे माझ्या अंदाजाने तू खरा अडकलायस तिथे येते, कारण बीकॉमवाले काय, इंजिनीअर काय, सगळे इथेच अडकतात. इन्सर्टचं फंक्शन लिहिलं, हेड पाठवला, फंक्शनच्या आत प्रिंट केलं तर नोड दिसतो, मेनमध्ये येऊन प्रिंट केलं तर लिस्ट रिकामी. बरोबर? सीमध्ये फंक्शनला जे पाठवतोस त्याची झेरॉक्स जाते. हेड हा काय आहे तर पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी. तू फंक्शनला त्या चिठ्ठीची झेरॉक्स दिलीस. फंक्शन त्या झेरॉक्सवरच्या पत्त्यावर जाऊन घरातलं सामान हलवू शकतं, ते खरंच हलतं, पण झेरॉक्सवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला तर मेनच्या खिशातल्या मूळ चिठ्ठीवर काही फरक पडत नाही. म्हणून लिस्टच्या मधे इन्सर्ट केलेलं चालतं आणि सुरुवातीला केलेलं हरवतं, आणि पोरांना वाटतं कॉम्प्युटर मूडप्रमाणे वागतो.

यावर उपाय दोन. एक डबल पॉइंटर, म्हणजे मूळ चिठ्ठी कुठल्या खिशात आहे त्याचा पत्ता पाठवायचा. दुसरा, फंक्शनने नवा हेड परत द्यायचा आणि मेनमध्ये हेड = इन्सर्ट(हेड, ५) असं लिहायचं. सुरुवातीला दुसराच वापर. डबल पॉइंटर नंतर आपोआप समजतो, पण सहा आठवडे उरले असताना दोन चांदण्यांशी (डबल पॉइंटर असा ** लिहितात) कुस्ती खेळायची काही गरज नाही. ग्लोबल हेड मात्र घेऊ नकोस, जर्नलमध्ये बरेच जण घेतात आणि चालतंही, पण मग दोन लिस्ट मर्ज करा असा प्रश्न आला की सगळं कोसळतं.

तेरीज लिहायची सवय बाकी ठिकाणी कशी उपयोगी पडते ते एकदोन उदाहरणांनी दाखवते, सगळी स्ट्रक्चर्स नाही घेत.

सर्क्युलर क्यू घे, म्हणजे ॲरेत गोल फिरणारी रांग, फ्रंटपासून काढायचं आणि रिअरला घालायचं. फ्रंट आणि रिअर सारखे म्हणजे क्यू रिकामी असं तू ठरवलंस. भरत भरत गेलास, रिअर गोल फिरून परत फ्रंटपाशी आला, आता फ्रंट आणि रिअर सारखे आहेत पण क्यू भरलेली आहे. एकाच खुणेचे दोन अर्थ झाले. पोरं इथे इफच्या आत इफ घालत बसतात आणि तिसऱ्या इफला सगळं विसरतात. खरं तर आधी ठरवायचं असतं की माझी खूण काय, एकतर एक जागा कायम रिकामी ठेवायची, म्हणजे १० च्या ॲरेत ९ च एलिमेंट, नाहीतर काउंट वेगळा मोजायचा. दोन्ही बरोबर. मी काउंट ठेवते, वाचायला सोपं पडतं. पण जे ठरवशील ते फाईलच्या वरती कॉमेंटमध्ये मराठीत लिही, खरंच मराठीत लिही, कंपायलरला काही फरक पडत नाही.

स्टॅक म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं आधी निघतं (पॉप), आणि पोस्टफिक्स म्हणजे चिन्ह आकड्यांच्या नंतर लिहिणं. स्टॅकवर पोस्टफिक्स सोडवतानाची नेहमीची चूक म्हणजे ८ ३ − चं उत्तर −५ येणं. आधी पॉप होतो तो ३, आणि तो उजवीकडचा असतो. बेरीज गुणाकारात ही चूक लपते, वजाबाकी भागाकारात उघडी पडते, म्हणून टेस्ट करताना कायम वजाबाकी घे.

बायनरी सर्च म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांत मधला (मिड) बघून निम्मे सोडत शोधणं. त्याची तेरीज: "आकडा असलाच तर लो आणि हाय यांच्या मधेच आहे, दोन्ही धरून." हे वाक्य समोर ठेवलं की मिड तपासून झाल्यावर लो = मिड का मिड + १ हा प्रश्न उरत नाही, मिड तर बघून झालाय, तो बाहेर काढ. लो = मिड लिहिलंस तर लो ४, हाय ५ असताना मिड ४ येतो, लो परत ४, आणि प्रोग्राम तिथेच गरगर फिरतो. याच छोट्याशा प्रोग्रामात अजून एक गंमत आहे. लो आणि हायची बेरीज करून दोनने भागतो ना आपण, ती बेरीज इंटच्या (पूर्णांक ठेवायच्या जागेच्या) मर्यादेबाहेर गेली तर निगेटिव्ह होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक कित्येक वर्षं होती, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने जाहीर केलं, आणि तो कोड त्याचाच होता. लो + (हाय − लो) / २ असं लिहायचं त्याचं कारण हे. तेव्हा आपलं पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही म्हणून रडायचं काही कारण नाही.

इंटवरून आठवलं, तुझ्या लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर आहे का? प्रश्नात लिहिलं नाहीयेस पण "क्लीअर स्क्रीन लिहूनही जुनं आउटपुट दिसतं" म्हणालास त्यावरून मला दाट शंका आहे. असेल तर तुझा निम्मा वैताग तिथला आहे. टर्बो सी हे १६ बिटच्या जमान्यातलं, त्यात इंट ३२,७६७ वर संपतो. ७ चं फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येतं आणि ८ चं −२५,२१६ येतं, कारण खरं उत्तर ४०,३२० मावतच नाही. पोरं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) चुकलं समजून तासभर घालवतात. एक लाखाचा ॲरे घ्यायला गेलं तर "ॲरे साइज टू लार्ज" म्हणून कंपाइलच होत नाही, म्हणजे ज्या विषयाचा मुद्दाच मोठ्या डेटावर काय होतं हा आहे तो विषय तू अशा डबीत शिकतोयस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॉइंटरची चूक केली तरी प्रोग्राम बऱ्याचदा मुकाट चालतो आणि शेवटी खाली "नल पॉइंटर असाइनमेंट" असं पुटपुटतो, ते कोणी वाचत नाही. घरी लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा सीचा कंपायलर टाक. तिथे सेगमेंटेशन फॉल्ट येतो, पोरं त्याला घाबरतात, पण तो तुझा मित्र आहे, चूक झाली तिथेच किंवा जवळपास तो प्रोग्राम पाडतो. सगळ्या वॉर्निंग चालू ठेव आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून कंपाइल कर, फ्री केलेल्या नोडला हात लावलास तर ओळ क्रमांकासकट सांगतो. बाय द वे जीसीसीवर इंट साधारण २१४ कोटींपर्यंत जातो म्हणून १२ चं फॅक्टोरियल बरोबर येतं, १३ चं चुकतं, आणि तिथे उत्तर पॉझिटिव्ह येतं, १,९३,२०,५३,५०४, त्यामुळे चूक झालीय हेही कळत नाही. परीक्षेला टर्बो असेल तर शेवटच्या आठवड्यात जर्नलचे प्रोग्राम तिथे एकदा चालवून बघ, तेवढं पुरतं.

आता पायथॉन घेऊ का. हे खरंच परिस्थितीवर आहे. युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसमध्ये सी किंवा सी++ लिहिलं असेल आणि एक्स्टर्नल स्लिप (प्रश्नाची चिठ्ठी) तीच देणार असेल तर सहा आठवडे राहिलेले असताना भाषा बदलणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी मीडियम बदलण्यासारखं आहे. सिलॅबसमध्ये पायथॉन चालत असेल आणि सर हो म्हणत असतील तर घे, मला काही अडचण नाही, स्टॅक, ट्री, ग्राफ पायथॉनमध्ये लवकर लिहून होतात आणि डोकं मूळ कल्पनेवर राहतं. फक्त हे माहीत असू दे की पायथॉनची लिस्ट ही लिंक्ड लिस्ट नाही, ती आतून ॲरे आहे, तिच्या पहिल्या जागेवरून पॉप केलं की मागचे सगळे एकेक जागा सरकतात, म्हणजे चाळीतली तीच सामानाची उचलाउचल. तिला क्यू म्हणून वापरून "पायथॉन स्लो आहे" म्हणणारे मी कंपनीतही बघितलेत. आणि झेरॉक्सचा घोळ पायथॉनमध्येही आहे, फक्त झाकलेला, ब = अ केलं की नवी लिस्ट होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं होतात.

पाठ करू का. प्रामाणिकपणे सांगते, स्लिप पद्धत असलेल्या प्रॅक्टिकलला पाठ करून पास होता येतं. होतात. मागच्या वर्षी एका मुलीने लिंक्ड लिस्ट रिव्हर्स पहिल्याच फटक्यात कंपाइल करून दाखवली, एक वॉर्निंग नाही. मी म्हटलं छान, आता लिस्टमध्ये एकच नोड असेल तर लूप किती वेळा फिरेल? गप्प. म्हटलं तीन नोड काढ आणि लूप एकदा फिरल्यानंतर बाण कुठे आहेत ते दाखव. पेन हातात तसंच राहिलं. तिला मी नापास नाही केलं, पण व्हायवाचे मार्क गेलेच, आणि मला जास्त वाईट याचं वाटलं की तिने त्या प्रोग्रामवर कितीतरी तास घातले असणार. तेवढ्याच वेळात ती शिकली असती. एआयकडून लिहून घेण्याचंही तसंच. लिहून घेऊ नकोस, लिहिलेलं फोडायला वापर, "माझा डिलीट कुठल्या इनपुटला फुटेल ते सांग, दुरुस्त करू नकोस" असं विचार. रिकामी लिस्ट, एकच नोड, पहिला, शेवटचा, नसलेला, या पाचांपैकी एकावर तो फुटलेला असतो, मी शंभरातले नव्वद वेळा म्हणेन.

रिकर्शन आणि ट्रीबद्दल (प्रत्येक नोडखाली डावा आणि उजवा असे दोन फाटे) थोडं, कारण लिंक्ड लिस्ट सुटली की पुढची भिंत ती. ट्रीची उंची काढायचं फंक्शन तीन ओळींचं आहे: नल असेल तर शून्य, नाहीतर डाव्याची आणि उजव्याची उंची विचार, मोठी असेल तिच्यात एक मिळव. पोरं काय करतात, फंक्शन स्वतःला बोलावतं तिथे तीही आत उडी मारतात, मग अजून आत, आणि तिसऱ्या पातळीला हरवतात. आत जाऊ नकोस. हेड ऑफिसचा मॅनेजर दोन शाखांना फोन करून आकडा विचारतो, शाखा त्यांच्या खालच्यांना कशी विचारते ते तो बघत बसत नाही. तू फक्त दोन गोष्टी तपास, सगळ्यात खालचा माणूस काय उत्तर देतो आणि दोन आकडे हातात आल्यावर तू त्यांचं काय करतोस. एकदाच, फक्त एकदाच, पाच नोडच्या ट्रीवर सगळे कॉल कागदावर उतरव, विश्वास बसायला.

पण रिकर्शन फुकट नसतं. फिबोनाचीचा तो सुंदर दोन ओळींचा प्रोग्राम ४० साठी चालव आणि आत एक काउंटर ठेव. ३३ कोटींच्या वर कॉल होतात, एका आकड्यासाठी. मग तेच एका साध्या लूपमध्ये कर. कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे डेटा वाढला की काम किती वाढतं ते, पाठ करण्याऐवजी हे एकदा डोळ्याने बघ. बबल सॉर्ट १०,००० आकड्यांवर चालवून वेळ लिही, मग १ लाखावर. डेटा दहापट, वेळ साधारण शंभरपट, कारण तुलना ५ कोटींवरून ५०० कोटींवर जातात. पहिल्याला पाव सेकंद लागला तर दुसऱ्याला चहा आणायला जाता येतं. मर्ज सॉर्टला त्याच १ लाखासाठी साधारण १७ लाख तुलना पुरतात. हे स्वतःच्या मशीनवर घेतलेले आकडे जर्नलमध्ये लिहिलेस ना तर एक्स्टर्नल पान उलटायचा थांबतो, मी तरी थांबते.

बायनरी सर्च ट्रीचं (लहान डावीकडे, मोठा उजवीकडे) एक सांगते आणि ट्री सोडते. प्रॅक्टिकलला मुलं टेस्ट डेटा म्हणून रोल नंबर टाकतात, १, २, ३, ४, ओळीने. सगळे उजवीकडेच जातात आणि ट्रीची लिंक्ड लिस्ट होते. हजार रोल नंबर, हजार पातळ्या, जिथे नीट पसरले असते तर १० पुरल्या असत्या. प्रोग्राम बरोबर, उत्तर बरोबर, उपयोग शून्य. १९६२ मध्ये अडेलसन-वेल्स्की आणि लांडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी यावर तोडगा काढला, त्यांच्याच आद्याक्षरांवरून एव्हीएल ट्री. रोटेशनचे (नोड फिरवून ट्री सारखा करण्याचे) चार प्रकार घोकण्याआधी हा बिघडलेला ट्री एकदा काढून बघ, मग कळतं की रोटेशन म्हणजे परत तेरीज जुळवणं आहे, इथली तेरीज "कुठल्याही नोडच्या डाव्या उजव्या उंचीत एकाहून जास्त फरक नको". एव्हीएलचं डिलीट तुझ्या सिलॅबसमध्ये नसेल तर सोडून दे.

नोकरीत हे लागतं का असंही कोणीतरी विचारेलच. आठ वर्षांत मी लिंक्ड लिस्ट हाताने लिहिली असेल तीनचार वेळा, तीही एंबेडेडच्या कामात. बाकी सगळं लायब्ररीतलं. पण जावाचा हॅशमॅप, म्हणजे किल्लीवरून खण ठरवून माहिती ठेवणारं स्ट्रक्चर, आतून १६ खणांनी सुरू होतो आणि पाऊण भरला की, म्हणजे १३ वी एंट्री पडली की, दुप्पट खणांचा होऊन सगळ्यांना परत जागा देतो, हे माहीत नसल्यामुळे लाखो एंट्र्यांचा मॅप रिकामा सुरू करून "मधेमधे अडकतं" म्हणून आठवडाभर हैराण झालेली टीम बघितलीये, माझीच होती.

सहा आठवड्यांचं काय करायचं ते मी माझ्या पोरांना सांगते तसं सांगते. पहिले दोन आठवडे फक्त सिंगली लिंक्ड लिस्ट, दुसरं काही नको, बीसीएवाले ग्राफवर गेले तरी जाऊ देत. रोज एक ऑपरेशन: आधी तेरीज लिही, मग चित्र, मग चित्रातल्या प्रत्येक खोडलेल्या बाणाला एक ओळ कोड, मग ती पाच इनपुट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी फाईल उघडून तेच परत, कालचं न बघता. हा सकाळचा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो आणि काम तोच करतो. कोड कुठे चुकतोय दिसत नसेल तर पायथॉन ट्यूटर नावाची साइट आहे, नाव पायथॉन असलं तरी सीही चालतं, एकेक ओळ पुढे नेत बाण दाखवते, पण आधी स्वतःचं चित्र काढ आणि मग ताडून बघ. पुढचे दोन आठवडे स्टॅक, क्यू, रिकर्शन, हे आता झपाझप होईल. पाचवा ट्री. सहाव्यात सॉर्टिंग, हॅशिंग आणि जर्नल. ग्राफमधलं (जोडलेल्या ठिकाणांच्या जाळ्यातलं) बीएफएस (आधी जवळचे सगळे) आणि डीएफएस (एका वाटेने खोल) एका रात्रीत होतं कारण एकात क्यू आहे आणि एकात स्टॅक, बाकी कोड जवळजवळ तोच, डायक्स्ट्राला (सगळ्यात जवळची वाट शोधणं) वेळ उरला तर बघ. नोकरी करत शिकत असशील तर हे सहात बसणार नाही, मग हॅशिंग आणि ग्राफ थिअरीपुरते ठेव आणि लिंक्ड लिस्टचे दोन आठवडे मात्र कापू नकोस.

थोडक्यात म्हणजे पाठांतर नको, भाषा सिलॅबसची, टर्बो फक्त परीक्षेपुरतं, आणि रोज कागद.

हो, अडलास तर इथे परत विचार, पण अख्खा प्रोग्राम चिकटवू नकोस, तो कोणी वाचत नाही. तेरीज एका वाक्यात लिही आणि कागदावरच्या चित्राचा फोटो टाक, शेवटचा बाण कुठे फिरवलास ते दिसेल असा.